झील धरणाऱ्या बाईचा अल्बम

प्रेमला रंगारीचं गाणं ऐकलेली माणसं रायपुरात पुष्कळ आहेत, पण तिचं नाव अगदी परवापर्यंत थोड्यांनाच ठाऊक होतं. भीमजयंतीच्या कार्यक्रमांच्या बॅनरवर ‘रंगारी सिस्टर्स’ असं छापलेलं असायचं आणि खाली एकच मोठा फोटो, शेवंताबाईंचा. खरं तर त्या बहिणी नव्हत्या, जावा होत्या. थोरली शेवंता, धाकटी प्रेमला. पण ‘देवरानी-जेठानी’ छापलं तर लोक भांडणाचं नाटक समजतील, म्हणून बंडूभाऊंनी सिस्टर्स ठरवलं. बंडूभाऊ म्हणजे शेवंताबाईंचे यजमान. गाण्याच्या पार्टीत पेटी वाजवायचे.

रंगारी मूळचे भंडाऱ्याकडचे. सासरे रेल्वेच्या कामावर इकडे आले, वॅगन रिपेअर शॉपमध्ये लागले, पुढे दोन्ही मुलगेही तिथंच चिकटले. धाकट्या हिरालालशी लग्न करून प्रेमला रायपुरातल्या खमतराईच्या घरात आली, तेव्हा शेवंताबाईंचं नाव आधीच दुर्ग-राजनांदगावपर्यंत गेलेलं होतं. नवी सून चुलीपुढं काहीतरी गुणगुणत होती. शेवंताबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, “उद्यापासून माह्या मागं उभी राहत जा.”

प्रेमला मागं उभी राहिली. शेवंताबाईंनी ओळ टाकायची, प्रेमलानं ती मागून उचलायची. यालाच झील धरणं म्हणतात. झील धरणाऱ्याला स्वतःचा आवाज पुढं काढायचा नसतो. समोरचा कुठं दम घेतो, कुठं सूर चढवणार आहे, हे त्याला आधीच कळावं लागतं. प्रेमलाला ते कळायचं. शेवंताबाईंच्या खांद्यांच्या हालचालीवरून ती सांगू शकली असती की आता पुढची ओळ कशी येणार.

हिरालाल छातीत कळ येऊन गेला. प्रेमलानं मनाशी धरलं की आपलं गाणं संपलं. पुढच्याच जयंतीला शेवंताबाईंनी निळ्या काठाची पांढरी साडी तिच्या मांडीवर ठेवली. “घरात बसून तो वापस येणार हाय का? चाल.” हिरालालच्या जागी अनुकंपेवर तिला रेल्वे ऑफिसात नोकरी मिळाली, त्यासाठीच्या सगळ्या खेपांना शेवंताबाईच सोबत होत्या. बाबू लोक खेटे घालायला लावायचे, तर शेवंताबाई बाकावर बसून राहायच्या, उठायच्याच नाहीत. प्रेमला त्यांना ‘बाई’ म्हणायची, आणि आईला म्हणावं तसंच म्हणायची.

हे सगळं आधी सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते या बाईंच्या बाबतीत झालं.

काही वर्षांपूर्वीच्या जयंतीच्या हंगामात प्रेमलाला पहिल्यांदा ती खरखर ऐकू आली. शेवंताबाईंचं स्वतः रचलेलं एक गाणं होतं, सासूवरचं:

माय आली रेल्वेने, पदरी नव्हतं काही,
एक दिवा ज्ञानाचा, विझू दिला नाही.

यातल्या ‘विझू’वर सूर वर जातो. तिथं बाईंचा आवाज काचेवर रेती घासावी तसा घासला आणि क्षणभर तुटला. कोणाच्या लक्षात आलं नाही. बंडूभाऊंचे कान शॉपमधल्या घणांनी आधीच अधू झाले होते, आणि मांडवात लाऊडस्पीकरचा गोंगाट. ऐकलं ते फक्त मागं उभ्या असलेल्या बाईनं.

दुसऱ्या कार्यक्रमात पुन्हा तेच. मग प्रेमला सावध झाली. ‘विझू’ येण्याआधीच ती ओळ उचलायची आणि आपला आवाज बाईंच्या आवाजावर घालायची. तुटलेलं झाकलं जायचं. यात सुरुवातीला वाईट काहीच नव्हतं. पण झाकता झाकता तिच्या वाट्याला ओळी वाढल्या, मग अख्खे अंतरे आले. शेवंताबाई स्वतःच म्हणायच्या, “हा तू घे, मले आज दम लागून राहिला.” भिलाईच्या कार्यक्रमानंतर एक बाई गर्दीतून वाट काढत आली आणि विचारू लागली, “वो पीछे वाली दीदी कौन है?” प्रेमलाला ते आवडलं. इतकं आवडलं की घरी येईपर्यंत ती ते वाक्य मनात घोळवत होती.

आणि भिलाईहून परतताना गाडीतच शेवंताबाईंनी तिला विचारलं. बाटलीतलं कोमट पाणी घोटघोट घेत होत्या. बंडूभाऊ पुढच्या सीटवर डुलकी घेत होते.

“प्रेमला, माहा आवाज कसा लागते आजकाल? खरं सांग.”

पुढचा कार्यक्रम राजनांदगावला होता. तिथं प्रेमला आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण गाणं एकटी गाणार होती. तसं ठरलं होतं.

“उन्हाळा हाय बाई,” प्रेमला म्हणाली. “थोडा कोरडा पडला, बाकी कुठं काय.”

शेवंताबाईंनी मान डोलावली आणि बाटलीचं झाकण लावलं.

पावसाळ्यात त्यांना घास गिळवेना. तेव्हा कुठं डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं कागद बघत सहज विचारलं, “आवाज बसून एवढे महिने झाले, घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?” बंडूभाऊ म्हणाले, “साहेब, ती गातच होती ना.” प्रेमला बाजूच्या खुर्चीवर बसली होती. ती गप्प राहिली.

जीव वाचला. आवाज गेला. उरली ती घोगरी कुजबुज, शेजारच्या खोलीतही न पोचणारी. घरात शेवंताबाई टाळ्या वाजवून माणसाला बोलावू लागल्या.

रंगारी सिस्टर्स बंद झाली. नोकरी लागल्यापासून प्रेमला क्वार्टरमध्ये वेगळी राहायची. ऑफिसात फायली पोचवायची, संध्याकाळी बाईंकडे जाऊन भाजी चिरून द्यायची, कपडे वाळत घालायची. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, “जाऊ असावी तर अशी.” हे ऐकलं की तिला तिथून उठून जावंसं वाटायचं. रविवारी विहारात वंदनेला बसायची तेव्हा चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, तिचा आवाज हटकून खाली यायचा.

कमिटीवाले तिला एकटीला गायला बोलावू लागले. ती नाही म्हणायची. एका वर्षी शेवंताबाईंनीच तिला हातानं ढकललं, कुजबुजत म्हणाल्या, “जा. घरातलं गाणं बंद नको पडू देऊ.” म्हणून ती गेली, आणि तिथं यशदीपनं तिला ऐकलं.

यशदीप समाजातलाच. आजोबा रेल्वेत, वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये. तो मुंबईला साउंडचं शिकून आला होता आणि शंकर नगरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यानं स्टुडिओ थाटला होता. मराठी त्याला सगळी कळायची, पण बोलायला लागला की हिंदीत शिरायचा. त्यानं प्रेमलाला स्टुडिओत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि अमेरिकेतल्या एका काळ्या गायिकेचं जुनं गाणं लावलं. प्रेमलाला एक शब्द कळला नाही. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, “हे रडणं नाही. रडून झाल्यावरचं हाय.”

यशदीप तिच्याकडे बघतच राहिला. “मौसी, इसी को सोल बोलते हैं. सोल म्युझिक. आत्मा. आप वही गाती हो.”

“आपल्या धम्मात आत्मा नसते रे बाबा.”

“तो फिर क्या है वो, आपके अंदर?”

“मले काय माहीत. गळा हाय म्हण,” प्रेमला म्हणाली, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर तिनं हेडफोन काढून ठेवले.

अल्बम करायचा असं यशदीपनं ठरवलं. पोस्टरवर, कव्हरवर, सगळीकडे एकटं तिचं नाव. ढोलकीच्या जोडीला बेस गिटार आणि चर्चमध्ये वाजतो तसा ऑर्गन. प्रेमलाकडे गाणी होती. ऑफिसच्या जिन्यात, भाजी बाजारात, मनातल्या मनात जुळवलेली सहा गाणी, कधी कोणाला न ऐकवलेली. सातवं यशदीपनं मागितलं. ‘माय आली रेल्वेने’ त्यानं लहानपणापासून ऐकलं होतं. अल्बमचं नावही तेच ठेवायचं असं तो म्हणाला.

प्रेमलानं हो म्हटलं. बाईंना विचारलं नाही. त्यांना इतकंच सांगितलं, “यशदीपकडे दोन-चार गाणे रेकॉर्ड करून राहिली.” शेवंताबाईंनी चांगलं म्हणून मान डोलावली.

सहा गाणी झाली. सातव्याचा दिवस उजाडला. प्रेमला काचेच्या खोलीत उभी राहिली, डोळे मिटले आणि गायला लागली. गाणं संपलं तेव्हा यशदीप पलीकडून धावत आला. त्याचे डोळे ओले होते.

“मौसी, ये जो ‘विझू’ पे आवाज फटी ना आपकी, वही तो सोल है. इसको मैं छूऊँगा भी नहीं.”

“कुठं फाटला?”

त्यानं लावून दाखवलं. प्रेमलानं ऐकलं. तिचा स्वतःचा गळा ठणठणीत होता. त्या जागी आवाज फुटायला काहीच कारण नव्हतं. पण स्पीकरमधून येत होती ती बाईंची खरखर, त्या हंगामातली, हुबेहूब. काचेवर घासलेली रेती, मग क्षणभर तुटणं, मग सावरणं. मागं उभं राहून ज्याच्यावर ती आपला आवाज घालायची, तेच तिच्या गळ्यात जाऊन बसलं होतं. तिनं बाईंचं दुखणं उचललं होतं, आणि त्या दुखण्याचं आता कौतुक होत होतं.

“पुसून टाक,” ती म्हणाली.

“क्यों? मौसी, बेस्ट टेक है.”

“पुसून टाक म्हटलं ना. मी पुन्हा गाते.”

ती पुन्हा गायला उभी राहिली, पण पहिली ओळच निघेना. शेवटी चपला घालून जिना उतरली. यशदीप मागून हाका मारत होता.

शंकर नगरातून ती घरी न जाता थेट बाईंकडे गेली. दुपार होती. बंडूभाऊ बाहेर गेले होते. शेवंताबाई ओट्यावर बसून लाल भाजी निवडत होत्या. प्रेमला समोर बसली, भाजीची एक जुडी ओढून घेतली आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. गाडीतला प्रश्न, राजनांदगावचं गाणं, भिलाईची बाई. डॉक्टरनं विचारलं तेव्हाचं गप्प बसणं. आणि आज स्टुडिओत जे ऐकू आलं ते.

“मले माहीत होतं बाई. पहिल्या दिवसापासून माहीत होतं का तुमचा आवाज बिघडला. आणि मी खोटं सांगतलं. मले गायचं होतं म्हणून.”

शेवंताबाईंचे हात थांबले नाहीत. देठ मोडत मोडत त्या कुजबुजल्या, “मले माहीत हाय.”

“काय?”

“तू खोटं बोलली ते. इतके वर्षं माह्या मागं उभी होती तू. माहा सूर कुठं सरकला, हे मले तुह्या आवाजावरून समजत होतं. तू झाकून राहिली होती. माणूस धड असन तर झाकते का कोणी?”

प्रेमलानं हातातली जुडी खाली ठेवली. “मंग तुमी काहून नाही गेल्या डॉक्टरकडे?”

“भेव लागत होतं.” एवढं बोलून बाईंना खोकला आला. प्रेमला पाणी आणायला उठली तर त्यांनी हातानं बसवलं. “म्हणून तर तुले विचारलं. तू म्हटलं असतं का आवाज खराब हाय, तर मी गेली असती. दुसऱ्या दिवशी गेली असती. तू म्हटलं, काही नाही. मले तेच आयकाचं होतं.”

ऐकता ऐकता प्रेमलाच्या मनावरचा दगड थोडा हलला. म्हणजे दोष एकटीचा नव्हता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं, कारण शेवंताबाईंनी परात बाजूला सरकवली आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

“पण याचा अर्थ असा नाही का तुह्यावर राग नाही. हाय. सकाळी डोळा उघडला का पहिले तोच येते. मंग चहापाण्यात जाते निघून. तू रोज येते, काम करते, ते पण मले दिसते. ते पण खरं हाय आणि राग पण खरा हाय.”

“मी काय करू बाई?”

“ते गाणं सोड.”

“माय आली?”

“हव. बाकीचे गा. कव्हरवर तुह्या एकटीचा फोटो लाव, मले काही नाही. पण ते सोड. दुसरं कोणी गाऊ दे, पोट्ट्या शाळेत गाऊ दे. तू नको गाऊ.”

भाजी निवडून झाली होती. प्रेमलानं ती धुतली, फोडणी दिली आणि घरी गेली.

यशदीपला तिनं फक्त एवढंच सांगितलं की सातवं गाणं होणार नाही. तो चिडला. जाहिरात तयार होती, नाव ठरलं होतं, ऑर्गनवाला बिलासपूरहून येऊन वाजवून गेला होता. “मौसी, वही एक गाना था जो चलता. बाकी छह को कौन जानता है?”

“कोणी नाही जानत. जेवढे हायेत तेवढे टाक.”

“मैं शेवंता मौसी से बात करूँ? उनकी पुरानी रिकॉर्डिंग है मेरे पास. दोनों आवाज मिला दूँगा. आजकल सब हो जाता है.”

“त्याईच्याजवळ जाऊ नको,” प्रेमला म्हणाली. इतक्या थंडपणे म्हणाली की यशदीपनं विषय सोडला. सातव्या गाण्याचं तिचं रेकॉर्डिंग त्यानं तिच्यासमोरच पुसलं.

अल्बम निघाला तो सहा गाण्यांचा. नाव नुसतं ‘प्रेमला’. कव्हरवर तिचा फोटो, तिला स्वतःला न आवडलेला. ऑफिसात एका बाबूनं मोबाइलवर लावून सगळ्यांना ऐकवला, साहेबांनी पेढे मागवले. नागपूरला शिकणारी तिची मुलं सुटीच्या दिवशी फोन करून सांगू लागली की आमच्या होस्टेलात लागते. ती “हव का” म्हणायची आणि फोन ठेवायची. घरी मात्र तिनं तो कधी लावला नाही.

बूढ़ापारा वस्तीतल्या एका लहान हॉलमध्ये यशदीपनं कार्यक्रम ठेवला. शंभरेक खुर्च्या, त्या भरल्या. शेवंताबाई येतील असं प्रेमलाला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या, बंडूभाऊंसोबत दुसऱ्या रांगेत बसल्या. प्रेमला पुढं उभी राहिली. मागं कोणी नव्हतं. पहिल्या गाण्यात तिला सवयीनं सारखं वाटत होतं की कोणीतरी आधी ओळ टाकेल. तिसऱ्या गाण्यापासून तिचा आवाज सुटला.

सहाही झाली. टाळ्या वाजल्या. मग मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “माय आली होऊन जाऊ द्या.” दुसऱ्यानं उचललं, मग चारपाच जण. खमतराईचे लोक होते, त्यांचं ते घरचंच गाणं.

प्रेमलानं माईक तोंडाजवळ नेला. “ते बाईचं गाणं हाय. मी नाही गाणार.”

लोकांना वाटलं, मान देऊन राहिली. एक वयस्क गृहस्थ शेवंताबाईंकडे वळून म्हणाले, “शेवंताबाई, तुमी सांगा ना तिले. तुमचं आयकन ती.”

सगळा हॉल शेवंताबाईंकडे बघू लागला. प्रेमलाही बघत होती. शेवंताबाईंनी मान हलवली, नाही. एकदाच, स्पष्ट. कोणाला काही समजलं नाही, आणि समजावून सांगण्यासारखं ते नव्हतंही. यशदीपनं घाईघाईनं पुढं येऊन आभार मानले. प्रेमला स्टेजवरून उतरली तेव्हा तिचे कान तापले होते. चारचौघांत आपल्याला बाईंचा हा नकार मिळाला, ते बरंच झालं असंही तिला वाटत होतं.

परतताना बंडूभाऊ कोणाच्या तरी स्कूटरवर गेले. ऑटोत दोघीच जावा होत्या. तलावाच्या कडेनं गर्दी होती, ऑटो हळू चालली होती. शेवंताबाई तिच्या कानाशी झुकल्या, कारण त्याशिवाय ऐकू येणं शक्य नव्हतं.

“ते पाचवं, जिन्याचं गाणं. कधी जुळवलं?”

“झाले पाच-सात वर्षं.”

“तवा तर मी गात होती. मले काहून नाही आयकवलं?”

बाईंना आपलं गाणं ऐकवावं असं प्रेमलाच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं, आणि बाईंनीही कधी विचारलं नव्हतं की तू काही जुळवते का. यातलं कोणतं सांगावं ते तिला कळेना.

“उद्या ये,” शेवंताबाई म्हणाल्या. “समोर बसून आयकव. मोबाइलवर नको.”

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर प्रेमला गेली. शेवंताबाईंनी बंडूभाऊंची पेटी काढून ठेवली होती; वाजवता त्यांनाही यायची. गळा गेला तरी बोटं शाबूत होती. प्रेमला समोर बसून गाऊ लागली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला तिची नजर बाईंच्या गळ्यावरच्या पांढऱ्या वणावर गेली, सूर ढळला आणि ती थांबली. शेवंताबाईंनी भाता दाबून धरला. नुसतं बोट वर करून खूण केली की पहिल्यापासून, आणि पट्टी पुन्हा धरून दिली.